किवी बघायला चार दिवस पायी : आईला नेऊ का? (स्टुअर्ट आयलंड, न्यूझीलंड)

टिटवी_नाशिक :

नमस्कार मंडळी. बहीण ऑकलंडला असते. येत्या जानेवारीच्या शेवटी मी आणि आई तिच्याकडे महिनाभर जातोय. आई ६४ वर्षांची. नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात माझ्याआधी तयार होऊन बसणारी, आणि बदकांच्या बाबतीत माझ्या चुका काढणारी. तिला किवी बघायचाय. "पक्षीगृहात काचेपलीकडचा नको, रानातला," हे तिकीट काढायच्या आधीच सांगून झालंय.

शोधाशोध केल्यावर कळलं की देशाच्या पार दक्षिणेला स्टुअर्ट आयलंड आहे आणि तिथं गाईडसोबत चार दिवसांची पायी सहल असते. पैसे बघून माझे डोळे फिरले. एवढे देऊन गाईड घ्यावा का, की बहिणीला घेऊन आपले आपण जावं? एका दिवशी पंधरा-सोळा किलोमीटर चाल आहे म्हणे. आई रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येते, पण डांबरी रस्त्यानं. शिवाय आम्ही दोघी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. प्रत्यक्ष कोणी गेलंय का? यूट्यूबवरचं नको, ते सगळं बघून झालंय.

धनेश_चिपळूण :

मी गेलेय. २०२४ च्या फेब्रुवारीत. तेव्हा मी ६१ ची होते आणि डाव्या गुडघ्यानं नुकतीच तक्रार सुरू केली होती, म्हणजे तुझ्या आईच्या पंगतीतलीच. मुलगा साउथ आयलंडच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या, पार खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिलच्या बाजूला एका डेअरी फार्मवर नोकरीला आहे. गाईंना रविवार नसतो, त्याला रजा मिळेना. मग त्यानं मला या सहलीत बसवून दिलं. आम्ही आठ जण आणि एक गाईड बाई. आठांत शाकाहारी मी एकटी, आणि उंचीनं बाकीच्यांच्या खांद्याला लागणारीही मीच.

आधी समुद्राचं सांगते, कारण ते कोणी नीट सांगत नाही. ब्लफ बंदरातून फेरी सुटते आणि तासाभरात ओबानला पोचते. ओबान हे बेटावरचं एकमेव गाव, बेटाची वस्ती चारशेच्या आसपास. मधल्या फोव्हो सामुद्रधुनीत बोट आपटत आपटत जाते. मी दाभोळ खाडीच्या काठी लहानाची मोठी झालेली, तरी पोट घशाशी आलं. आलेपाक चघळत डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात शेजारणीनं दंड धरून मला खिडकीकडे वळवलं. बाहेर अल्बाट्रॉस, बोटीच्या बरोबरीनं, पंख ताठ. लाट चढली की तो चढायचा, उतरली की उतरायचा, पंखाचं टोक पाण्याला लागतंय न लागतंय. ओकारी विसरले असं म्हणणार नाही, पण लांबली. आईला निघायच्या आधी गोळी दे. इन्व्हरकार्गिलहून लहान विमानही जातं, वीस मिनिटांत.

पहिल्या दुपारी उल्वा बेटावर नेलं. पॅटर्सन इनलेट म्हणून मोठी खाडी आहे, तिच्यात हे २६७ हेक्टरचं छोटं बेट. १९९७ साली ते उंदीरमुक्त जाहीर झालं. अधूनमधून एखादा उंदीर पोहत किंवा बोटीतून पोचतोच, मग त्याच्या मागे अख्खं खातं लागतं. म्हणून होडीत चढायच्या आधी गाईडनं सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या, बुटांचे तळवे दाखवायला लावले. माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात कुसळं निघाली. चिपळूणची! दिवाळीत परशुरामाच्या डोंगरावर गेले होते तेव्हाची असणार. विमानतळावर कशी सुटली देव जाणे. तिनं ती चिमट्यानं एकेक वेचून डबीत टाकली, बोलली काही नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रानात वीसेक पावलं गेल्यावर ती थांबली आणि बुटाच्या टाचेनं पाचोळा उकरला, कोंबडी उकरते तसा. मग दोन पावलं मागे सरली. मिनिटभरात एक करडा पक्षी समोर हजर. आपल्या दयाळाएवढा, पण शेपूट आखूड आणि पाय काटकुळे लांब. रॉबिन. उकरलेल्या जागेतला किडा त्यानं उचलला आणि मग टुणटुणत माझ्याकडे आला. माझ्या बुटाची नाडी चोचीत धरून ओढली. सोडली. परत ओढली. ही काही किडा नव्हे हे पटल्यावर मान तिरकी करून वर बघितलं. पायांत तान्ह्या बाळाच्या वाळ्यांसारखी रंगीत कडी होती, अभ्यासकांनी घातलेली. आपल्याकडे पक्षी बघायचा तर मान मोडेस्तोवर वर बघायचं; तिथं मी खाली बघत उभी, हलायची चोरी.

असं का, तर त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मूळचा एकही नाही. पक्ष्यांना धोका यायचा तो आभाळातून, ससाण्या-गरुडांकडून. पायाखालच्या पाचोळ्यात कोणी टपून बसलेला असेल ही धास्तीच त्यांना कधी नव्हती. मग जहाजांतून उंदीर आले. सशांचा उपद्रव आवरायला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टोट आणले, मुंगसाच्या जातकुळीतले वाटावेत असे लांबोडके. त्यांनी ससे सोडून पक्षीच संपवायला घेतले. स्टुअर्ट आयलंडवर उंदीर, मांजरं, पोसम (झाडावर राहणारा केसाळ प्राणी) आहेत, पण स्टोट कधी पोचला नाही. तिथं किवी टिकलाय तो मुख्यतः म्हणून.

त्याच वाटेवर टीएके नावाचा पक्षी दिसला. काळाभोर, पाठीवर विटकरी खोगीर घातल्यासारखं, चोचीच्या मुळाशी दोन्हीकडे केशरी लोलक. उडण्यात कच्चा, फांद्यांवरून टणाटण उड्या मारत जातो आणि चोचीनं साल सोलतो. गाईड तिथं खाली बसलीच. म्हणाली, १९६४ पूर्वी तुम्हाला हा पक्षी बघायचा असता तर एकाच ठिकाणी जावं लागलं असतं. नैर्ऋत्येला बिग साउथ केप म्हणून बेट आहे, माओरी नाव टाउकिहेपा. साउथ आयलंडचा टीएके तेवढाच तिथं उरला होता. आणि तिथं उंदीर चढले, बहुधा बोटींतून. उंदीर पक्ष्यांचं असं काय वाकडं करणार, असं म्हणणारे तेव्हा शास्त्रज्ञांतही होते. वन्यजीव खात्याच्या माणसांनी १९६४ मध्ये जाऊन ३६ टीएके धरले आणि शेजारच्या बिनउंदरांच्या दोन बेटांवर सोडले. आज साउथ आयलंडचे जेवढे म्हणून टीएके आहेत, सगळे त्या ३६ जणांचं खानदान. त्याच बेटावरची पाणलावा, बुश रेन नावाचा चिमूटभर पक्षी आणि एक मोठं वटवाघूळ मात्र गेलं ते कायमचं. बुश रेनचे सहा पक्षी हलवले होते, त्यांचा वंश वाढलाच नाही.

ती बोलत होती आणि वरून सालीचे तुकडे आमच्या टोप्यांवर पडत होते.

बाकीचं जेवण झाल्यावर लिहिते. वरणाला फोडणी द्यायचीय.

कवड्या :

धनेशताई, वरण उतू जाऊ देऊ नका :) तोवर माझे दोन पैसे.

टिटवी, गाईडची गरज नाही. मी २०१९ ला एकटा गेलो होतो. ओबानजवळच्या गोल्डन बेच्या धक्क्यावरून वॉटर टॅक्सी, फ्रेशवॉटर नदीवर उतरलो, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेसन बेच्या झोपडीत तीन रात्री राहिलो. झोपडीत गाद्या असतात, स्वयंपाकाचं आपलं आपण न्यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, भर उन्हात, वाटेवर किवी. इतर ठिकाणी तो पक्का निशाचर, पण या बेटावरचे दिवसाही हिंडतात. पैसे वाचले ते लेन्सला लावले.

लेन्सवरून सांगतो. १००-४०० मिमीची पुरे. ६०० नेलीत तर रॉबिन फोकसच होणार नाही, इतका जवळ येतो. रानात उजेड कमी, आयएसओ ३२०० च्या खाली येणं विसरा. फ्लॅश अजिबात नाही.

आणि एक कबुली. फर्नबर्ड झुडपातून बाहेर येईना, म्हणून मी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला. आपल्याकडे सर्रास चालतं. झोपडीतल्या एका म्हाताऱ्या ट्रॅम्परनं (रानात पायी भटकणाऱ्यानं) मला रात्री चहा दिला आणि चहा पिता पिता अर्धा तास झापलं. पिल्लांच्या दिवसांत घरमालक घरदार सोडून न दिसणाऱ्या घुसखोराशी भांडत बसतो, हे मला तोवर कोणी इतक्या उघड सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आंबोलीतही वाजवत नाही.

टिटवी_नाशिक :

ताई, मी आईला मोठ्यानं वाचून दाखवतेय, ती सालीच्या तुकड्यांपाशी थांबलीय. पुढचं लवकर. कवड्या, धन्यवाद, पण तीन दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन आई आणि मी? आणि मेसन बे म्हणजे नेमकं किती बिकट?

धनेश_चिपळूण :

बिकट नाही, चिखलट आहे.

दुसऱ्या दिवशी वॉटर टॅक्सी खाडीतून फ्रेशवॉटर नदीत शिरली. भरतीचं पाणी असेल तरच होडी वर जाते, त्यामुळे निघायची वेळ घड्याळावर नाही, समुद्रावर. बाकीचे वेळापत्रक विचारत होते. मला त्यात नवल नव्हतं, आमच्याकडे पलीकडच्या तीरावर लग्नाला जायचं तरी आधी भरती विचारतात. तिथून मेसन बे साडेपंधरा किलोमीटर. आकडा आईला आधी सांगू नकोस. वाट सपाट आहे, चढ म्हणावा असा नाहीच. मानुकाच्या झुडपांचे बोगदे, मग दलदल, त्यावर लाकडी फळ्या. एका पट्ट्याचं नावच चॉकलेट स्वॅम्प. फळी संपली की लावणीला खाचरात उतरल्यासारखं व्हायचं, फक्त लावणीला आपण अनवाणी असतो, इथं पायात दोन-दोन किलोचे बूट. मी एकदा पोटरीपर्यंत रुतले. पाय आला, बूट आत राहिला. आमच्यातल्या एका शेतकरी गृहस्थांनी कोपरापर्यंत हात घालून तो काढून दिला, गाईच्या पोटातून वासरू ओढावं तसा.

सॅण्डफ्लायचं सांगायचं राहिलं. चिलटाएवढी माशी, पण चावली की आठवडाभर खाज. मोजे पँटवर ओढून घ्यायचे आणि उभं राहायचं नाही. चालत्या माणसाला ती सहसा गाठत नाही.

मेसन बेला आमच्या दोन रात्री होत्या. पहिल्या रात्रीचं लिहायची लाज वाटते, पण लिहिते. तिकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य मावळायलाच नऊ वाजून जातात, नीट काळोख व्हायला दहा. लाल उजेडाची बॅटरी फक्त गाईडकडे. पांढरा उजेड किवीच्या डोळ्यांना सोसत नाही. आम्ही एकामागे एक, दिंडीसारखे, पण मुके. वीस-पंचवीस मिनिटांनी गवतात कोणीतरी शिंकरल्यासारखं वाजलं. गाईडनं हात वर केला. आणि माझ्या खिशातून माझा मुलगा बोलला : "आई, गोळी घेतलीस का? आई, गोळी!"

रक्तदाबाच्या गोळीची आठवण म्हणून त्यानं स्वतःच्या आवाजात भरून दिलेला गजर. तिथल्या वेळेनं रात्री दहाचा. मोबाईल तीन कपड्यांच्या आत. तो बंद होईस्तोवर पोरानं चार वेळा विचारलं. गवत एकदा सळसळलं आणि मग नुसता समुद्र ऐकू येत राहिला. कोणी मला काही बोललं नाही, अगदी एक शब्द नाही. तेच जास्त लागलं. पाऊण तास आणखी हिंडलो, लांबवर नराची शीळ ऐकली, चढत जाणारी, पंधरा-वीसदा. नंतर मादीचं उत्तर, घसा बसल्यासारखं. दिसलं काही नाही. झोपडीत आल्यावर गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल उशीखाली ठेवून निघाले. दिवसभर वाळूच्या टेकड्यांत हिंडलो. केवढाल्या त्या टेकड्या, आणि वाळूवर तीन बोटांचे ताजे ठसे, आमच्या आधी कोणीतरी फिरून गेलेलं. संध्याकाळी साडेसातला, लख्ख उजेडात, परतताना गाईड थबकली. गवताची एक जुडी हलत होती. मग तागाचं पोतं आपल्या पायानं चालत यावं तसा तो बाहेर आला. शेपूट नाही, पंख असून नसल्यासारखे, पिसं कसली, केसच ते. चोच जमिनीत खुपसायची, उचलायची, पुन्हा खुपसायची, आंधळ्यानं काठी टेकत यावं तशी चाल. इथल्या जातीला माओरीत टोकोएका म्हणतात. वेका म्हणून एक कोंबडीसारखा पक्षी आहे, तर हा काठी टेकणारा वेका. नाव ठेवणाऱ्यानं त्याला नीट बघितलं होतं. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या अगदी टोकाला असतात, त्यामुळे नाकात माती जाते आणि मग तो फुस्स करून शिंकरतो. माझ्यापासून तीन हातांवर तो तीनदा शिंकरला. पडसं झालेल्या नातवाला बघावं तशी मी बघत होते, रुमाल द्यावासा वाटत होता.

मादी असावी म्हणाली गाईड, अंगानं थोर होती आणि चोच लांब. मादी तीन किलोच्या आसपास आणि अंडं चारशे ग्रॅमच्या वर. बाळंतपणं केलेल्या बायका आम्ही चौघी होतो, चौघींनी एकमेकींकडे बघितलं.

आता गाईडचं. कवड्या, तुमचं खरं आहे, वाट सोपी आहे, खुणा आहेत, कोणी हरवत नाही. पण मी एकटी असते तर उल्वावर तासाभरात फेरी मारून, यादीत आठ खुणा करून परत आले असते. त्या बाईनं आम्हाला दुपारभरात जेमतेम दोन किलोमीटर चालवलं. दर वळणावर थांबायचं, डोळे मिटायला लावायचं, कुठून काय ऐकू येतंय ते बोटानं दाखवायला लावायचं. पहिल्यांदा मला वाटलं बालवाडीत आणून बसवलं. तिसऱ्या वेळी रायफलमनचा आवाज मी बाकीच्यांच्या आधी ऐकला. तो पक्षी आपल्या अंगठ्याएवढा आणि आवाज इतका बारीक की साठीनंतर बऱ्याच जणांच्या कानांतून तो सुटतोच. आमच्यातल्या दोघांना तो ऐकूच आला नाही, त्यांनी तोंडावर दाखवलंही नाही, पण कळतं. म्हणजे आईचे कान अजून शाबूत आहेत तोवर ने, हे माझं स्पष्ट मत.

शिवाय शिधा, भांडी, गॅस सगळं त्यांच्याकडचं माणूस आणतं. आपल्या पाठीवर कपडे आणि पाणी. हे पैसे तू आईच्या खांद्यांसाठी देतेयस असं समज.

शाकाहाराचं : नावनोंदणी करतानाच "मासे नाहीत, अंडं नाही" असं दोन्ही वेगवेगळं लिही. नुसतं शाकाहारी लिहिलंस तर सकाळी अंडं येईल. बेटावर किराण्याचं दुकान एकच, आणि एक पब आहे, तिथं रविवारी रात्री प्रश्नमंजुषा रंगते. बाकी गाव मासळीवर जगतं. मी मुलाकडून तूप लावलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी नेली होती. दुसऱ्या रात्रीपर्यंत चटणी उरली नाही, त्या बूट काढणाऱ्या शेतकऱ्यानं पावाला लावून संपवली.

पण भारतातून काही नेऊ नकोस. नेलंसच तर देशात शिरताना भरायच्या घोषणापत्रात प्रत्येक गोष्ट लिही. मी बेसनाचे लाडू लिहिले होते. तुपातले म्हणून त्यांनी ठेवून घेतले, दंड नाही. न लिहिता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. बूटही लिहायचे. माझे त्यांनी आत नेऊन धुऊन आणून दिले, इतके स्वच्छ ते दुकानातही नव्हते.

तांबट_ऑकलंड :

उशिरा येतोय. टिटवी, ऑकलंडलाच येताय तर दक्षिणेला जायच्या आधी आईंना टिरिटिरी माटांगीला नक्की न्या. फेरीनं सव्वा तासाच्या आसपास. २२० हेक्टरचं बेट, शेतीनं पार बोडकं झालेलं. १९८४ पासून दहा वर्षं लोकांनी स्वतःहून येऊन अडीच-तीन लाख झाडं लावली. आता तिथं नॉर्थ आयलंडचा टीएके, कोकाको, हिही हे पक्षी, आणि गवतात चरणारा टाकाहे. टाकाहे नामशेष झाला असं सगळे समजून होते, तो १९४८ मध्ये पुन्हा सापडला. स्वयंसेवक अगदी थोड्या पैशांत दीड-दोन तास हिंडवून आणतात. मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं, ७२ वर्षांच्या. टाकाहे बघून म्हणाल्या, "ही तर आपली जांभळी पाणकोंबडी, माहेरी राहून जाड झालेली." गाईडला भाषांतर करून सांगितलं, तो म्हणाला नातं अगदी बरोबर आहे.

आईंचे पाय कसे चालतात ते तिथं दिवसभरात कळेल. मग पुढचं ठरवा.

आणि शंभर डॉलरची नोट हातात आली की उलटून बघा. पिवळा पक्षी आहे तो मोहुआ. उल्वावर प्रत्यक्ष दिसतो.

टिटवी_नाशिक :

तांबट, हे फारच छान सुचवलंत. बहिणीला सांगितलं, ती सात वर्षं तिथं आहे आणि गेलेली नाही :(

ताई, आईचा एक प्रश्न : काकापो, तो न उडणारा पोपट, दिसेल का?

धनेश_चिपळूण :

नाही गं. आईला आत्ताच सांग, म्हणजे तिथं जाऊन जीव खालीवर होणार नाही. १९७७ मध्ये स्टुअर्ट आयलंडवरच काकापो सापडले होते, पण मांजरं त्यांना मारत सुटली म्हणून उचलून दुसऱ्या बेटांवर नेले. १९९५ ला जगात ५१ उरले होते. आता जवळच्या फेनुआ हो बेटावर आहेत, तिथं परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आमच्या गाईडनं टेकडीवरून नुसता बोटानं ते बेट दाखवलं. धुकं होतं. एक राखाडी रेघ.

आणि तुझ्या आईसाठी मी बेत थोडा बदलून सांगते. चार दिवस सलग चालायचा हट्ट धरू नका. ओबानला तीन-चार रात्री राहा. उल्वावर दोनदा जा, पहिल्या वेळी गाईडबरोबर अर्धा दिवस, दुसऱ्या वेळी आपल्या आपण, डबा घेऊन. डबा सांभाळा, वेका झाडीतून येऊन पिशवीसकट नेतो, माझा अर्धा पराठा असाच गेला. कवड्या हसतील, पण मी दुसऱ्या फेरीसाठी परत जायला तयार आहे, मेसन बेसाठी नाही. किवीसाठी गावातून रात्रीच्या सहली निघतात, त्यात होडीनं जाऊन थोडंच चालायचं असतं. ते करून पाय साथ देतायत असं वाटलं तर मग मेसन बे. परतीला आम्ही मेसन बेच्या वाळूवरूनच विमानात बसलो. ओहोटी असली की लहान विमान किनाऱ्यावर उतरतं. बसायच्या आधी प्रत्येकाचं वजन विचारतात. मी दोन किलो कमी सांगितलं, मग सीट बदलताना वैमानिकानं जे काही बघितलं माझ्याकडे! खरं सांगा.

कवड्या :

हसत नाहीये ताई. पोटरीपर्यंत मीही रुतलो होतो, फक्त बूट माझा मीच काढला, म्हणून गोष्ट झाली नाही. टिटवी, आईंना गाईड करा. माझं मत मागे घेतो. ६०० वालं नाही, ते कायम.

टिटवी_नाशिक :

ठरलं. आधी टिरिटिरी, मग ओबानला चार रात्री, उल्वाला गाईड. मेसन बे तिथं गेल्यावर. आईनं सगळं ऐकून एवढंच विचारलं की त्या ताईंचा मोबाईल कोणत्या कंपनीचा होता, इतका मोठा आवाज यायला. आणि आमचे दोघींचे मोबाईल रात्री खोलीवर ठेवायचे असा हुकूम आहे.

ताई, बूट नवे घ्यावेत की जुने चालतील?

धनेश_चिपळूण :

जुनेच, पायाला सरावलेले. नव्यांनी फोड येतील. निघायच्या आदल्या रात्री तळव्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशनं घासून काढ, नाड्यांच्या भोकांसकट. आणि सॅकचे बाजूचे कप्पे उलटे करून झटक. बाल्कनीत नाही, मोरीत.